हट्टी ओळ

फ्लेक्सवर माझं नाव होतं आणि मला कुणी विचारलेलं नव्हतं. सेक्टर 10 च्या चौकात, भाजीच्या ठेल्यांच्या वर, दोन खांबांना बांधलेला तो फ्लेक्स वाऱ्यानं पोट फुगवत होता, पुन्हा आत ओढत होता, आणि धनंजय सरांचा चेहरा कधी तरुण, कधी म्हातारा दिसत होता. कपाळाला गंध, खांद्यावर शाल, बाजूला तबल्याची जोडी. ‘अमृतमहोत्सवी सत्कार आणि एकल तबलावादन.’ सगळ्यांत खाली, मिठाईच्या दुकानाच्या जाहिरातीला चिकटून, ‘लेहरा : पायल’. माझ्या नवऱ्यानं, राजदीपनं, गाडीला ब्रेक मारला तशी मांडीवरची आमची तान्ही उन्नती दचकली आणि तिनं माझ्या गळ्यातली साखळी मुठीत घट्ट धरली. “अवं, हे तं तूच हाय!” तो मागं वळून म्हणाला. “सांगतलं नाई मले?” मी म्हटलं, “मलेच कोनी नाई सांगतलं.” तो हसला. त्याला तो मान वाटला. मला नाही. ज्या माणसानं सहा-सात वर्षं मंचावर माझं नाव तोंडावर येऊ दिलं नाही, त्यानं ते न विचारता चौकात टांगलं होतं. घरात पडलेलं पायपुसणं उचलून दाराशी टाकावं, तसं. आपलंच तर आहे, विचारायचं काय त्यात?

फोन दुसऱ्या दिवशी आला, मी उन्नतीच्या पायांना तेल लावत असताना. समीर होता, सरांचा आत्ताचा शिष्य, बँकेत असतो. “दीदी, सॉरी हां, फ्लेक्स पहले छप गया, आपको बताना रह गया. सर ने खुद बोला, पायल के बिना मैं नहीं बैठूंगा.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “दिवाली के बाद से बायां हाथ थोड़ा… आप समझ रहे हो ना?” मी समजत होते. तेलकट बोटांत उन्नतीचा तळवा होता, इवलासा, गरम; तो ती खेचून घेत होती, मी सोडत नव्हते. “हां, आ जाऊंगी,” मी म्हटलं. फोन ठेवल्यावर कळलं की हो म्हणताना मला जे वाटलं ती दया नव्हती, आदर तर नव्हताच. ते गोड होतं. जिभेच्या टोकावर काही गोड ठेवावं आणि विरघळू देऊ नये, असं.

लेहरा म्हणजे काय हे राजदीपला लग्नानंतर मी एकदा समजावलं होतं. तबलजी एकटा वाजवायला बसला की त्याच्या शेजारी पेटीवर कुणीतरी एकच ओळ वाजवत राहतं. सोळा मात्रांची ओळ. संपली की तीच, संपली की तीच, तासभर. तबलजी त्या ओळीवरून उडी मारतो, हवेत वाटेल त्या कोलांट्या घेतो आणि बरोबर ओळीच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, पाय टेकतो. लोक टाळ्या वाजवतात त्या टेकण्याला. जमीन कुणी केली, हे कुणी विचारत नाही. “म्हंजे तू जमीन,” राजदीप म्हणाला होता, आणि मला हसू आलं होतं. पण एक गोष्ट मी त्यालाही सांगितली नव्हती. पेटीवाल्यांमध्ये ती सांगायची पद्धतच नसते. उडी चुकते. मोठमोठ्यांची चुकते. तिहाई, समेसाठी तीनदा घेतलेला तुकडा, पाव मात्रा लांबते, बोल अडखळतो, आणि माणूस समेच्या पुढे किंवा मागे पडणार हे पेटीवालीला त्याच्या आधी कळतं. तेव्हा ती ओळीतला एखादा सूर किंचित लांबवते. किंवा किंचित आवरून घेते. जमीन जरा सरकवते. तो टेकतो, टाळ्या पडतात, आणि आपण चुकलो होतो हे कधी कधी त्यालाही कळत नाही. याला आम्ही ‘देणं’ म्हणतो. मी सरांना किती वेळा दिलं ते मोजलेलं नाही. मोजायचं नसतंच.

मला त्यांच्याकडे बाबांनी नेलं. बाबा, म्हणजे लहानू, पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये होते. मरोद्यात आमचं घर, अंगणातल्या दोरीवर पांढरं काही वाळत घातलं की संध्याकाळपर्यंत त्याला गेरूसारखा रंग चढायचा. भीमजयंतीला बाबा गाण्याच्या पार्टीत पेटी धरायचे. धरायचे असंच म्हणायला हवं, कारण त्यांना चारच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या यायच्या आणि त्या चारांवर ते सगळी गाणी ओढून न्यायचे. मी त्यांच्या मांडीवर बसून भाता हलवायचे. मी आठवीत असताना ते मला सरांच्या सेक्टर 10 च्या क्वार्टरमध्ये घेऊन गेले, पॅन्ट इस्त्रीची, हातात केळी. सर दुर्गच्या जुन्या घराण्यातले, त्यांची मराठी आमच्यापेक्षा धुतलेली. मी वाजवलं. सर म्हणाले, “वा. तुमच्याकडे पेटी-ढोलकी अंगातच असते म्हणा.” बाबा हसले. त्या ‘तुमच्याकडे’ला किती दारं होती आणि त्यातली किती बंद होती हे मला तेव्हा कळलं नाही, बाबांना कळलं असावं, पण त्यांनी केळी टेबलावर ठेवली आणि हात जोडले. तबल्याच्या क्लासात लेहऱ्याला कुणीतरी हवंच होतं. ठरलं असं की मी लेहरा धरायचा आणि त्या बदल्यात सर मला पेटीवर राग शिकवणार. चंद्रकंस रागातली ती लेहऱ्याची ओळ त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दिली. त्यानंतर दुसरं काही दिलं नाही. मुलं यायची, तबल्याचे कायदे घोटायची, मोठी व्हायची, जायची. मी भिंतीला पाठ लावून तीच ओळ. समोरच्या खिडकीत बदामाचं झाड होतं. त्याची पानं लाल व्हायची, गळायची, हिरवी यायची. राग मी शिकले ते चोरून, रेडिओवरून, कुणी गायक क्लासात पाहुणा आला तर त्याच्या घशाकडे टक लावून बघत. सर म्हणायचे, “शिकवू ना, घाई काय आहे तुला?”

मग तो कार्यक्रम. क्लासाचा वार्षिक, सेक्टरच्या हॉलमध्ये. मी बारावीत. सरांनी महिनाभर आधी म्हटलं होतं, या वेळी पायल दहा मिनिटं एकटी वाजवेल. एकटी! मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईनं, रुक्मानं, तव्यावरची भाकर करपू दिली. बाबांनी दुपारची बी शिफ्ट बदलून घेतली. मी चंद्रकंस बसवला, माझा, त्या एका ओळीच्या भोवती इतकी वर्षं जे जे ऐकू यायचं आणि वाजवता यायचं नाही ते सगळं त्यात घातलं. विंगेत उभी होते, तळहात घामेजलेले, ओढणीला पुसत होते. सर आले, घड्याळाकडे न बघताच म्हणाले, “वेळ नाही उरला गं. ईशानचं घेऊन टाकू, तो उद्या पुण्याला चाललाय.” ईशान त्यांचा पुतण्या. “तू लेहरा धर.” मी धरला. शेवटी सरांनी माइक घेऊन सगळ्यांची ओळख करून दिली, तानपुऱ्यावर कुमारी अमुक, निवेदन सौभाग्यवती तमुक, साउंडवाल्याचंसुद्धा नाव. माझ्याकडे आले तेव्हा हात नुसता हवेत फिरवला. “आणि पेटी… पेटी काय, घड्याळ आहे आमचं. लावून ठेवलं की चालतं.” हॉल हसला. आणि त्या हसण्यात, मागून तिसऱ्या रांगेतून, टाळ्या आल्या. एकट्या माणसाच्या, जाड तळव्यांच्या, जोरजोरात. बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते.

हे मी विसरू शकले असते. वेळ नाही उरला, हे विसरता येतं. कुणाचा तरी उरत नाहीच. पण बाबांच्या त्या टाळ्या. त्यांना ते कौतुक वाटलं होतं. मिलमध्ये लाल रूळ धावत येतो तेव्हा ज्याचा हात वेळेवर पडतो तोच माणूस, बाकी सगळे पोटभरू, असं ते म्हणायचे. घड्याळ ही त्यांच्या लेखी सगळ्यांत मोठी पदवी. घरी येताना सायकलवर मी मागे बसले होते, कारखान्यात स्लॅग, भट्टीतली वितळलेली मळी, ओतल्यामुळे आकाश लाल झालेलं, आणि ते मान वळवून वळवून म्हणत होते, “आयकलं ना तू? सर माइकवर बोलले. घड्याळ हाय म्हने पोरगी.” दहा मिनिटांबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. विसरले असतील, किंवा विसरल्यासारखं केलं असेल, यातलं काय ते मला आजही माहीत नाही आणि आता विचारायची सोय नाही. त्यांनी ते गल्लीत सांगितलं. पाहुण्यांना सांगितलं. राजदीपकडची माणसं बघायला आली तेव्हा चहा देताना सांगितलं. ते गेले त्या दिवशी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, आणि शेजारच्या सिंधुताई माझ्या पाठीवर हात फिरवत रडत म्हणाल्या, “किती आनंद होता गं त्यायले तुया. घड्याळ हाय म्हनत माही पोरगी.” मी त्या दिवशी रडले ते सगळ्यांना वाटलं बापासाठी. एका माणसानं एक शिवी हसत हसत फेकली आणि माझ्या बापानं ती दोन्ही हातांनी झेलली, पुसली, आणि मरेपर्यंत शोकेसमध्ये ठेवली. त्यासाठी रडले.

आता मी दुपारी शाळेत कीबोर्ड शिकवते. लंडनच्या कुठल्याशा बोर्डाच्या ग्रेडच्या परीक्षा असतात, पोरांना त्यासाठी इटालियन शब्द पाठ करावे लागतात. मंद म्हणजे काय, जोरात म्हणजे काय, हळूहळू वाढत जाणारं म्हणजे काय. समीरचा फोन आला त्याच आठवड्यात यामिनीनं, पाचवीतली, दोन वेण्या, वहीत बोट ठेवून विचारलं, “मॅम, ऑस्टिनाटो मतलब?” मी नेहमीसारखं सांगितलं की एकच छोटी ओळ खाली पुन्हा पुन्हा वाजत राहते, वरचं गाणं बदलतं, ती बदलत नाही. “पर ये वर्ड का मतलब क्या है?” ती अडून बसली. मी म्हटलं, “हट्टी. जिद्दी.” ती खुदकन हसली. “मतलब मेरे जैसा?” वर्ग हसला. मी पण हसले, आणि हसता हसता थांबले. इतकी वर्षं शिकवत होते, पण तो शब्द माझ्या अंगाला कधी लागला नव्हता. घरी येऊन उन्नतीला पाजताना एका हातानं फोनवर शोधत बसले. इटालियनमध्ये हट्टी. त्याच्या मागं लॅटिन, तिथं अर्थ आणखी कडक: एखाद्या गोष्टीसमोर ठाम उभं राहणं, मन पक्कं करून न हलणं. तीन-चारशे वर्षांपूर्वी तिकडे गाणी असायची, टाकून दिलेल्या बायकांची, विलापाची. वर बाई रडते, शिव्याशाप देते, भीक मागते, सूर कुठल्या कुठे नेते. आणि खाली खर्जात चार-पाच सुरांची एक ओळ, पायऱ्या उतरत जाणारी, तीच, तीच, तीच. तिला बाईचा कळवळा येत नाही. ती फक्त जात नाही. मी विचार करत राहिले. आपल्याकडे त्याला लेहरा म्हणतात, लाट; येणारी, जाणारी, सगळ्यांच्या पायांशी लोळणारी. सर घड्याळ म्हणाले. आणि कुठल्या तरी लांबच्या देशात कुणाला तरी वाटलं की जी ओळ बदलत नाही तिला स्वभाव आहे. ती नुसती चालत नसते. तिनं ठरवलेलं असतं.

आधी मी वेगळंच ठरवलं होतं. कार्यक्रमात लय केसाएवढी चढवायची. एका आवर्तनात नाही, हळूहळू, दुधाला उकळी येते तशी. कुणाच्या लक्षात यायच्या आत सर धापा टाकू लागतील. मी घरी करून बघितलं. उन्नतीच्या झोपेच्या वेळात, दुपारी, पंख्याखाली. ती त्या लेहऱ्यावरच झोपते, जन्मल्यापासून. दुसरं काही वाजवलं तर डोळे उघडून बघते, तक्रार असल्यासारखी. मी लय चढवली की ती झोपेतच कपाळाला आठी घालायची. आई दारात भाजी निवडत बसलेली असायची. ती म्हणाली, “कावून एवढी घोटून राहिली वं? येच्यात काय घोटाचं हाय? एकच तं वाजवतं तू.” मी म्हटलं, “तेच घोटून राहिली, आई.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हातारा मानूस हाय तो आता.” “बाबाईले म्हातारं होऊ देलं का कोनी?” मी म्हटलं, आणि लगेच कळलं की हे काही खरं नाही, बाबांचं म्हातारपण सरांनी नेलेलं नव्हतं. पण बोलून गेले. मेथीच्या काड्या मोडण्याचा आवाज तेवढा येत राहिला. तेव्हाच सुचलं, त्या काड्यांच्या आवाजात. लय चढवणं म्हणजे फसवणं. ते केलं तर चूक माझी, पाप माझं, आणि कुणाच्या तरी कानाला ते कळणार. पण मी काहीच केलं नाही तर? एकही सूर लांबवला नाही, एकही आवरला नाही. ओळ अगदी घड्याळ लावून ठेवल्यासारखी वाजवली तर? सर जे माइकवर म्हणाले होते तेच एक संध्याकाळभर खरं करून दाखवायचं. यात मला कोण बोल लावणार? उन्नतीनं झोपेत उसासा टाकला, तोंड चघळलं, आणि माझ्या मांडीकडे सरकली. मी तिच्या कपाळावर ओठ टेकवले. त्याच ओठांनी हसत होते.

हॉल तोच. खुर्च्या नव्या, पडदे तेच. समीर धावपळ करत होता, सरांना शाल, श्रीफळ, कुणी कविता वाचली, कुणी जुने फोटो दाखवले. एका फोटोत कोपऱ्यात माझा कोपर होता. आई तिसऱ्या रांगेत, मांडीवर उन्नती, शेजारी राजदीप हथखोजच्या कारखान्यातून थेट आलेला, कॉलरला ग्रीसचा डाग. सर मंचावर आले ते समीरच्या आधारानं. बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खुर्चीवर बसताना कुणी खुर्चीकडे बघत नाही. “चंद्रकंस,” एवढंच म्हणाले. मी ओळ सुरू केली. एक आवर्तन, दोन. त्यांनी डग्ग्यावर हात ठेवला आणि तो हात मी बघितला: बोटं थोडी आत वळलेली, झोपेतल्या बाळाच्या मुठीसारखी. सुरुवातीचा संथ पेशकार गेला. जुन्या माणसांनी माना हलवल्या. कायदा गेला. उजवा हात अजून सरांचाच होता, कोरीव, गर्विष्ठ. डावा मागून येत होता, मोठ्या माणसाचा हात धरून ओढत नेलेल्या मुलासारखा. मग त्यांनी चक्रदार घेतली. एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याच्या शेवटी सम. दुसऱ्यातच मला कळलं. अर्धी मात्रा मागे. त्यांनाही कळलं, कारण त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या क्वार्टरमध्ये, त्या बदामाच्या खिडकीसमोर, इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी असं पाहिलं नव्हतं. सरळ डोळ्यांत. दे.

मला वाटलं होतं हे सोपं असेल. पण बाळ झाल्यापासून माझं एक झालंय: कुणाचंही बाळ रडलं, बाजारात, बसमध्ये, कुठंही, तर पान्हा फुटतो. मी ठरवत नाही. शरीर ठरवतं. तसंच झालं. तो डावा हात अडखळला आणि माझी अनामिका मंद्र निषादावर आपोआप रेंगाळायला निघाली, लांब व्हायला, जागा करून द्यायला, आणि छातीत खरंच कळ आली, ब्लाउज ओला झाला. मी दात आवळले. बोट उचललं. वेळेवर. ओळ आपल्या जागी आली आणि तिनं सम गाठली, स्वच्छ, एकटी. सर अर्ध्या मात्रेनं तिच्या मागे पडले. तो आवाज मी विसरणार नाही. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा. हॉलला फारसं कळलं नाही. दोघाचौघांना कळलं, त्यांनी खाली बघितलं. सरांनी लगेच दुसरी घेतली, आणखी अवघड, रागानं. पुन्हा पडले. आता माझ्याकडे बघणं नव्हतं, कपाळावरची शीर होती फक्त. बाबा, मी मनात म्हटलं, बघा, घड्याळ. तिसऱ्या वेळी त्यांनी बोल मध्येच सोडला. हात तबल्यावर तसेच राहिले. ओळ चालू होती. मी थांबले नाही. त्या हॉलमध्ये पहिल्यांदा ती एकटी ऐकू आली, वर कुणीच नाही, कोलांट्या नाहीत, उड्या नाहीत. ती आली, समेवर पाय टेकला, गेली, आली. लोकांना वाटलं असावं की हे असंच असतं. कुणीतरी पुढून “वाह” म्हटलं, आणि मला माहीत आहे ते कशाला म्हटलं ते त्यालाही माहीत नव्हतं. मग सर माइककडे झुकले. “वय झालं,” म्हणाले, हसले. सगळा हॉल उभा राहिला. समीर मला हातानं खुणावत होता, दीदी, बस. मी आणखी एक आवर्तन पूर्ण केलं आणि समेवर भाता मिटला.

मागच्या खोलीत सर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, शाल मांडीवर, नारळ पायाशी. “समीर, चहाचं बघ जरा,” त्यांनी त्याला बाहेर पाठवलं. मी पदर छातीवर ओढून उभी होते. ते आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, “आज तू दिलं नाहीस.”

म्हणजे ह्यांना माहीत होतं. “घड्याळ कुठं देतं, सर?” मी म्हटलं. हे वाक्य मी आठवडाभर तयार ठेवलं होतं. ते म्हणताना मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही.

“लागलं होतं तुला ते,” ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. “राजनांदगावला दिलं होतंस. रायपूरला दोनदा. बिलासपूरच्या त्या बैठकीत तर मी एक अख्खी मात्रा बाहेर होतो, आठवतं? तू ओढून आणलंस. मी त्या रात्री झोपलो नाही.” मग, कुणाशी बोलतोय हे विसरल्यासारखे, “तुला पुढं बसवलं असतं तर माझ्या शेजारी कोण बसलं असतं?”

इतकं साधं होतं ते. राग यावा म्हणून मी इतकी वर्षं जे जपून ठेवलं होतं ते ह्या माणसानं एका ओळीत उचलून माझ्या हातात दिलं होतं, आणि ते मी समजत होते त्याहून मोठं होतं. माझं वाजवणं त्याला ऐकू येत नव्हतं असं नव्हतं. त्याला सगळं ऐकू येत होतं. “माझे बाबा आले होते त्या दिवशी,” मी म्हटलं. “माझं एकटीचं ऐकायला. शिफ्ट बदलून. तुम्ही घड्याळ म्हणालात तेव्हा ते उभे राहून टाळ्या वाजवत होते.”

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, खरंच आठवायचा प्रयत्न केला. “कोण गं? ते… कुठं होते ते?”

त्यांना बिलासपूरची मात्रा आठवत होती. मी वाकले, नमस्कार केला नाही, पायाशी घरंगळलेला नारळ उचलून टेबलावर ठेवला, बाबांनी केळी ठेवली होती तसा, आणि बाहेर आले. बाहेर उन्नती रडत होती. राजदीप तिला खांद्यावर घेऊन चपलांच्या ढिगाऱ्यात येरझारा घालत होता. “किती वेळ लावतं तू? भूक लागली तिले.” आई माझ्या तोंडाकडे बघत होती. “काय बोलला सर?” “काही नाई,” मी म्हटलं. “छान वाजवलं म्हने.” आणि आईचा चेहरा असा उजळला, की मला तिथंच कळलं, हेही आता गल्लीत जाणार, सिंधुताईंकडे जाणार, पाहुण्यांना चहाबरोबर दिलं जाणार. या वेळी निदान शोकेसमध्ये ठेवणारी मी होते.

आज दुपार. आई झोपलीय. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून हे लिहितेय, समोर उन्नती, तिच्या पुढ्यात स्टीलची वाटी आणि चमचा. झोप आलीय पण झोपायचं नाही. मी तीच ओळ गुणगुणते. दुसरी तिला चालत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही अजून दुसरी येत नाही. ओठ मिटले की तीच येते. मला वाटलं होतं त्या संध्याकाळनंतर ती कडू होईल. झाली नाही. त्या हॉलमध्ये ती अजून चालूच आहे, सरांच्या वर, सर पडतायत आणि ती थांबत नाही. मी डोळे मिटले की ऐकू येते, आणि ऐकताना मला बरं वाटतं, ते लपवत नाही. थांबवायची असती तर थांबवली असती. इथं मात्र उन्नतीनं चमचा वर उचललाय. दोन्ही हातांनी, तोंड उघडं, लाळ हनुवटीवर. ओळ समेकडे चाललीय. उन्नतीला समेवर यायला वेळ लागणार हे मला दिसतंय, चमचा अजून कानाशीच आहे, ती त्याच्याकडे बघतेय, हा कुठून आला म्हणून. मी शेवटचा सूर धरून ठेवते. श्वास संपत येतो. धरून ठेवते. मग ठण्ण.

ती हसते, स्वतःवर खूश, आणि पुन्हा चमचा उचलते, ओळ सुरू व्हायच्या आधीच मारते, चुकते. मी ओळ तिथून सुरू करते.